विझवू नये असा दिवा

इंदूरचे शेवटचे सत्ताधीश महाराज यशवंतराव होळकर दुसरे यांची ड्यूसेनबर्ग जुन्या मोटारींच्या जाणकारांत आजही नावाने ओळखली जाते. चॅसी आणि सुपरचार्ज केलेले इंजिन अमेरिकेचे, बॉडी लंडनच्या जे. गर्नी नटिंग यांच्या कारखान्यात बांधून घेतलेली, रंग नारिंगी आणि काळा. कंपनीने दिली तशी गाडी न वापरता ती आपल्या मनासारखी करून घ्यायची, ही हौस या शहराला अशी १९३० च्या दशकापासूनची आहे. त्या गाडीच्या मागून काय बाहेर पडते हे विचारणारे तेव्हा कोणी नव्हते आणि गाडीलाही ते सांगण्याची सोय नव्हती. आज मल्हारराव होळकरांचे नाव लावणाऱ्या इंदूरच्या मल्हारगंजात गल्लीच्या तोंडाशी भिंतीला चिकटवून उभी केलेली दहा वर्षांची साधी हॅचबॅकसुद्धा आपल्या धुराचा हिशेब क्षणाक्षणाला ठेवत असते. हौसेने आता बहुधा काटकसरीचे रूप घेतले आहे: डिकीत सीएनजीची टाकी. कुठे कुठे तिच्या जोडीला फ्री-फ्लो सायलेंसर, तर कुठे लॅपटॉप लावून केलेला रीमॅप. अशा अनेक गाड्यांत काही महिन्यांनी डॅशबोर्डावर इंजिनाच्या आकाराचा पिवळा दिवा लागतो, स्कॅनर लावून तो घालवला जातो, आणि आठ-पंधरा दिवसांत पाहुणा परत दारात उभा.

या पाहुण्याबद्दल गॅरेजात एक ठाम समजूत आहे: ‘ऑक्सिजन सेन्सर उडाला.’ म्हणून सेन्सर बदलतात. दिवा पुन्हा आला की मागचा दुसरा सेन्सर बदलतात. तरीही आला की निकाल मिळतो, ‘किटवाल्या गाडीला हे असायचंच, लक्ष देऊ नका.’ माझे म्हणणे नेमके उलटे आहे. फेरफार केलेल्या गाडीत परत परत येणारा कोड, म्हणजे त्या दिव्यामागे नोंदलेला बिघाडाचा क्रमांक, बहुतेक वेळा खरे बोलत असतो. सेन्सर ठीक असतो. फेरफार अर्धवट राहिलेला असतो. टपाल वाईट आले म्हणून पोस्टमन बदलण्यात अर्थ नाही, हे सगळ्यांना कळते. गाडीच्या बाबतीत मात्र आपण पैसे मोजून तेच करतो, कारण पोस्टमन डोळ्यांना दिसतो आणि पत्र वाचायला वेळ लागतो. ते पत्र वाचता येते, आणि वाचले तर बहुतेक दुरुस्त्या सेन्सरच्या किमतीहून स्वस्त निघतात. हे दाखवण्यासाठी आधी सेन्सर नक्की काय पाहतो ते समजून घ्यावे लागेल.

बॉशने बनवलेला हा सेन्सर १९७६ मध्ये व्होल्वोच्या गाड्यांतून पहिल्यांदा रस्त्यावर आला, तोही कॅलिफोर्नियाच्या कडक धूरनियमांसाठी. आत झिर्कोनियाची एक छोटी टोपी असते. तिच्या एका अंगाला इंजिनातून आलेला धूर लागतो, दुसऱ्या अंगाला बाहेरची हवा. टोपी साधारण ३०० अंशांच्या वर तापली की दोन्ही बाजूंच्या ऑक्सिजनमधल्या तफावतीप्रमाणे ती वीज देते. धुरात ऑक्सिजन जवळजवळ नसेल, म्हणजे मिश्रण रिच असेल, तर सुमारे ०.९ व्होल्ट, ऑक्सिजन उरला असेल, म्हणजे मिश्रण लीन असेल, तर ०.१ व्होल्टच्या आसपास. इंजिनाचा संगणक, म्हणजे ईसीयू, मधल्या ०.४५ व्होल्टच्या अल्याड-पल्याड झोका घेत पेट्रोल कमी-जास्त करत राहतो. हा झोका लागतो तो पुढे बसवलेल्या कॅटकॉनसाठी, म्हणजे धूर स्वच्छ करणाऱ्या कॅटॅलिटिक कन्व्हर्टरसाठी. कार्बन मोनॉक्साइड आणि न जळलेले हायड्रोकार्बन यांना ऑक्सिजन द्यायचा आणि नायट्रोजनच्या ऑक्साइडांकडून तो काढून घ्यायचा, ही दोन उलट कामे एकाच भांड्यात एकाच वेळी होतात ती फक्त एका अरुंद पट्टीत: एक भाग पेट्रोलला १४.७ भाग हवा. एक गोष्ट मात्र नीट लक्षात ठेवायला हवी. सेन्सरला पेट्रोल दिसत नाही, गॅस दिसत नाही, त्याला दिसतो फक्त ऑक्सिजन. तो ऑक्सिजन कुठून आला हे त्याला कळत नाही. पुढची निम्मी गफलत या एका वाक्यात आहे.

आपल्याकडे नव्या पेट्रोल मोटारींना कॅटकॉन सक्तीचा झाला तो १९९५ मध्ये, आधी चार महानगरांत. भारत स्टेज-४ (बीएस-४) गाड्यांना २०१३ पासून ओबीडीचा, म्हणजे गाडीने स्वतःचे बिघाड ओळखून नोंदण्याच्या व्यवस्थेचा, दुसरा टप्पा लागू झाला. तेव्हापासून गाडी केवळ स्वतःला सावरत नाही, कॅटकॉन काम करतो की नाही हेही ती कॅटकॉनच्या मागे बसवलेल्या दुसऱ्या सेन्सरकडून तपासून घेते. १ एप्रिल २०१७ पासून बीएस-४ देशभर आले, १ एप्रिल २०२० पासून बीएस-६. म्हणजे इंदुरात आज सीएनजी किट बसवायला येणाऱ्या बहुतेक गाड्या या दोन डोळ्यांनिशी येतात. पुढचा डोळा मिश्रण पाहतो, मागचा कॅटकॉनचे काम. ‘ऑक्सिजन सेन्सरचा कोड आला’ हे एकच वाक्य म्हणूनच दोन वेगळ्या गोष्टींसाठी वापरले जाते आणि तिथेच वाट चुकते. पी०१३५ किंवा पी०१४१ यांसारखे कोड सेन्सरच्या स्वतःच्या हीटरबद्दल असतात. तिथे वायर, फ्यूज, कनेक्टर आणि शेवटी सेन्सर असा संशय रास्त आहे. पण पी०१७१ म्हणजे मिश्रण लीन, पी०१७२ म्हणजे रिच आणि पी०४२० म्हणजे कॅटकॉनची कार्यक्षमता कमी. हे तिन्ही कोड सेन्सरने दिलेले निरोप आहेत, त्याच्या प्रकृतीबद्दलच्या तक्रारी नव्हेत. फेरफार केलेल्या गाड्यांत वारंवार परतणारे कोड बहुधा हेच तीन असतात.

ईसीयू किती सावरासावर करतो आहे, हे एका आकड्यात दिसते. त्याला फ्युएल ट्रिम म्हणतात. कंपनीने ठरवून दिलेल्या पेट्रोलपेक्षा किती टक्के जास्त किंवा कमी सोडावे लागते, ते हा आकडा सांगतो. झटपट बदलणारा ट्रिम वेगळा आणि सवयीने पक्का झालेला वेगळा. दोघांची बेरीज पाहायची. धडधाकट गाडीत ती शून्याच्या आसपास, फार तर अधिक-उणे दहाच्या आत राहते. वीस-पंचवीसपर्यंत गेली की ईसीयू हात टेकतो आणि दिवा लावतो. नेमकी मर्यादा कंपनीगणिक थोडी बदलते. साध्या ब्लूटूथ स्कॅनरवर आणि मोबाइलवर हा आकडा चालत्या गाडीत दिसतो. म्हणजे कोड येण्याच्या खूप आधी, अधिक बाराला किंवा अधिक पंधराला, गाडी कुरकुर करू लागलेली असते. कोड ही त्या कुरकुरीची शेवटची पायरी. कोड पुसल्यावर शिकलेला ट्रिमही बहुधा शून्यावर जातो आणि ईसीयू पुन्हा पहिल्या इयत्तेपासून शिकू लागतो. म्हणून पुसल्यानंतरचे दोन दिवस गाडीचा पिकअप कधी बरा तर कधी वाईट वाटतो आणि ‘स्कॅनिंगने फरक पडला’ असा समज होतो.

आता सीएनजी किटकडे येऊ, कारण मल्हारगंज-राजवाड्याच्या भागात फेरफार म्हणजे बहुधा तेच. टाकीत सुमारे २०० बार दाबाने भरलेला गॅस रिड्यूसरमध्ये दोन-एक बारवर उतरतो, फिल्टरमधून जातो, गॅस इंजेक्टरच्या रेलमध्ये येतो आणि मॅनिफोल्डला भोके पाडून बसवलेल्या पितळी नॉझलांतून प्रत्येक सिलिंडरच्या तोंडाशी पोचतो. या सगळ्यावर गॅसचा वेगळा छोटा ईसीयू असतो. तो स्वतंत्र विचार करत नाही. मूळ ईसीयू पेट्रोल इंजेक्टर किती मिलिसेकंद उघडायला सांगतो ते तो ऐकतो, त्याला आपल्या नकाशातल्या गुणकाने गुणतो आणि तेवढा वेळ गॅस इंजेक्टर उघडतो. मूळ ईसीयूला वाटत राहते की आपण पेट्रोलच सोडतो आहोत. सेन्सरची नोंद तोच वाचतो आणि सुधारणाही तोच करतो. मिथेनला हवा जास्त लागते, एका भागाला सुमारे १७.२ भाग, शिवाय गॅस पेट्रोलसारखा थेंबाने मोजता येत नाही. हा फरक दुभाष्याने, म्हणजे गुणकाच्या नकाशाने, बरोबर सांभाळायचा असतो. किट बसवताना तो नकाशा उभ्या गाडीत दहा मिनिटांत ‘ऑटो’ने तयार केला आणि रस्त्यावर, लोडवर तपासला नाही, तर दुभाष्या चुकीचे भाषांतर करतो. सावरायला मूळ ईसीयू ट्रिम वाढवतो, गॅसवर शिकलेला तो ट्रिम पेट्रोलवरही वापरतो आणि गाडी दोन्ही इंधनांवर बिघडते. अशा गाडीत सकाळी थंड इंजिन पेट्रोलवर सुरू होते तेव्हा ते गॅसवरची चूक पेट्रोलवर भोगत असते. मालक म्हणतो, ‘पेट्रोलवरही मिसिंग आहे, म्हणजे किटचा दोष नाही.’ निष्कर्ष चोख वाटतो आणि चुकीचा असतो.

दिवा परत का येतो, यालाही कारण आहे आणि ते मल्हारगंजाच्या रस्त्यांशी जोडलेले आहे. कॅटकॉनची तपासणी ईसीयू सतत करत नाही. इंजिन पुरते तापलेले, वेग बराच वेळ स्थिर, लोड मध्यम, अशी परिस्थिती जुळली की तो ती चाचणी घेतो. आणि बहुतेक कोडांसाठी सलग दोन फेऱ्यांत चूक सापडली तरच दिवा लावतो. कोड पुसला की या सगळ्या चाचण्यांची पाटी कोरी होते. आता मल्हारगंजातून राजवाडा, तिथून सराफा, परत बडा गणपती अशी गाडी चालत असेल, तर तिला ना पुरते तापायला मिळते ना स्थिर वेग. चाचणी होतच नाही. दिवा तीन आठवडे बंद राहतो, मिस्त्रीचे नाव होते. मग एका रविवारी गाडी उज्जैनला जाऊन येते. पंचावन्न-एक किलोमीटरचा मोकळा रस्ता, जाताना एक चाचणी, येताना दुसरी, आणि घरी पोचता पोचता पिवळा दिवा. घरात निदान ठरते: ‘लांब पल्ल्याला गाडी त्रास देते.’ खरे म्हणजे लांब पल्ल्यावर तिला बोलायला सवड मिळाली, एवढेच. पुसल्यानंतरचा शांत काळ हा दुरुस्तीचा पुरावा नव्हे. त्या काळात चाचणी पूर्ण झाली का, हे स्कॅनरमध्ये ‘रेडीनेस’ या नावाखाली दिसते, आणि ते न पाहता ‘काम झालं’ म्हणणे म्हणजे पेपर न तपासता पास केल्यासारखे आहे.

म्हणून शोधाची पहिली पायरी अशी की काहीही पुसायचे नाही. कोड नोंदला गेला त्या क्षणाचे एक छायाचित्र ईसीयू जपून ठेवतो, त्याला फ्रीझ फ्रेम म्हणतात: वेग किती होता, इंजिन किती फिरत होते, पाण्याचे तापमान, लोड, ट्रिम. कोड पुसताना हेही जाते. पोलिसांनी पंचनाम्याआधी फरशी धुऊन घ्यावी तसा हा प्रकार आहे, आणि गॅरेजात तो रोज होतो. दुसरी पायरी म्हणजे गाडी आधी फक्त पेट्रोलवर चालवून ट्रिम लिहून घ्यायचा, मग गॅसवर, दोन्ही वेळा दोन ठिकाणी: सुस्त गतीला आणि सुमारे अडीच हजार फेऱ्यांना. चार आकडे मिळतात. समजा पेट्रोलवर अधिक तीन आणि अधिक दोन, गॅसवर अधिक अठरा आणि अधिक बावीस. मग इंजिन निरोगी आहे आणि गुन्हेगार किटमध्ये आहे: गुंतलेला गॅस फिल्टर, रिड्यूसरचा घसरलेला दाब, चिकटणारे इंजेक्टर किंवा चुकलेला नकाशा. समजा दोन्ही इंधनांवर सुस्त गतीला अधिक वीस आणि अडीच हजारांवर अधिक पाच. मग कुठून तरी चोरून हवा शिरते आहे. सुस्त गतीला मॅनिफोल्डमध्ये ओढ जास्त असते म्हणून ती चोरी तिथे ठळक दिसते, फेऱ्या वाढल्यावर एकूण हवेच्या मानाने नगण्य होते. किटच्या गाडीत चोरीची पहिली जागा तीच, ज्या पितळी नॉझलांसाठी मॅनिफोल्डला भोके पाडली. आटा नीट बसला नसेल किंवा सील सुकले असेल, तर चार नॉझल म्हणजे चार फटी. आणि उलट, फेऱ्या वाढल्यावर ट्रिम वाढत असेल तर इंधनाचा पुरवठा कमी पडतो आहे: पेट्रोलचा पंप, फिल्टर किंवा हवेचे माप घेणारा मळलेला सेन्सर. सदैव गॅसवर चालणाऱ्या गाडीत पेट्रोल महिनोन्‌महिने टाकीत पडून जुने होते, हेही विसरू नये. चार आकड्यांना अर्धा तास लागतो. सेन्सर बदलायला दहा मिनिटे लागतात, म्हणूनच तो आधी बदलला जातो.

सेन्सरला फक्त ऑक्सिजन दिसतो, हे वाक्य आता कामाला येते. एखाद्या सिलिंडरमध्ये ठिणगी चुकली, म्हणजे गाडी मिसिंग करू लागली, तर इंधन न जळता बाहेर पडते आणि त्याच्यासोबत त्याच्या वाटणीचा सगळा ऑक्सिजनही. सेन्सरला ऑक्सिजन दिसतो, तो सांगतो ‘लीन’. ईसीयू इंधन वाढवतो. न जळलेले इंधन आधीच बाहेर जात होते, आता जास्त जाते, आणि ते तापलेल्या कॅटकॉनमध्ये जाऊन पेटते. आतले जाळीदार सिरॅमिक वितळते, पी०४२० येतो. सीएनजीवर हा धोका वाढतो, कारण गॅस-हवेचे मिश्रण पेटवायला जास्त दाबाची ठिणगी लागते. पेट्रोलवर चालून जाणारा थकलेला प्लग किंवा कॉइल गॅसवर उघडा पडतो. म्हणून पी०३०० (मिसिंगचा कोड), पी०१७१ आणि पी०४२० एकत्र दिसले तर ते तीन आजार नव्हेत. एका प्लगपासून सुरू झालेली ती एकच साखळी आहे, आणि शेवटचा कोड बळी पडलेल्याचा आहे. एक्झॉस्ट बदललेल्या गाडीत हाच फसवा ‘लीन’ आणखी एका वाटेने येतो. हेडर (एक्झॉस्टचा पुढचा पाइप) आणि सिलिंडर हेड यांमधले गॅस्केट किंचित जरी गळत असले, तरी धुराच्या प्रत्येक धक्क्यानंतर येणाऱ्या ओढीत बाहेरची हवा आत शिरते आणि सेन्सरपाशी पोचते. मिश्रण बरोबर असूनही गाडी रिच होत जाते. ॲव्हरेज पडते, प्लग काळे होतात, आणि दोष सेन्सरवर जातो. गळती बुजवायला हाताशी येईल ते सिलिकॉन भरले, तर आणखी पंचाईत. सेन्सरला न चालणाऱ्या जातीच्या सिलिकॉनची वाफ टोपीवर पांढरा थर धरते आणि मग सेन्सर खरोखरच मरतो. हेडर लांबवल्याने सेन्सर इंजिनापासून दूर गेला असेल तर तो उशिरा तापतो. त्याची वायर जोडून लांबवली असेल तर तो जोड हे पुढचे संशयाचे ठिकाण.

पी०४२० च्या बाबतीत मागच्या सेन्सरवर आरोप सर्वांत जास्त होतो आणि सर्वांत कमी टिकतो. चांगल्या कॅटकॉनमध्ये सेरियमच्या ऑक्साइडाचा थर असतो. तो जास्तीचा ऑक्सिजन साठवतो आणि कमी पडला की सोडतो. त्यामुळे पुढचा सेन्सर झोके घेत असताना मागचा जवळजवळ स्थिर राहतो. स्कॅनरवर दोन्हींचा आलेख एकाखाली एक लावला की निकाल डोळ्यांसमोर असतो. मागची रेघ शांत असेल तर कॅटकॉन जिवंत आहे आणि शोध गळतीकडे वळवावा. मागची रेघ पुढचीची नक्कल करू लागली तर कॅटकॉन थकला आहे, किंवा आतली जाळी कोणी फोडून काढली आहे, किंवा स्वस्तातला ‘हाय-फ्लो’ त्याच्या जागी आला आहे. मागचा सेन्सर नवा घातला तर तो हीच नक्कल अधिक स्पष्ट दाखवतो. इथे बाजारात दोन तोडगे मिळतात. एक म्हणजे सेन्सर आणि एक्झॉस्टच्या मध्ये बसवायची लांब पितळी नळी, म्हणजे सेन्सरला धूर कमी दिसेल. दुसरा म्हणजे सेन्सरच्या तारेवर बसणारा एम्युलेटर, म्हणजे ईसीयूला हवी तशी खोटी रेघ मिळेल. दोन्ही तोडगे ‘चालतात’. पण पुढच्या सेन्सरला एम्युलेटर लावला की ईसीयू आंधळा होतो, मिश्रणाची सावरासावर थांबते आणि वर सांगितलेली साखळी कोणाच्याही नकळत चालू राहते. दिवा गेला आणि इंजिन गेले, असे नंतर म्हणायची पाळी येते.

‘पण पीयूसी पास आहे,’ हा पहिला आणि सर्वांत जोरकस आक्षेप. बीएस-४ आणि त्यापुढच्या पेट्रोल मोटारीला सुस्त गतीला कार्बन मोनॉक्साइड ०.३ टक्के आणि हायड्रोकार्बन २०० पीपीएम अशी मर्यादा असते. अडीच हजारांच्या आसपासच्या फेऱ्यांना कार्बन मोनॉक्साइडची मर्यादा ०.२ टक्के. हे निकष सैल नाहीत. पण गाडी उभी असते, लोड नसतो आणि नायट्रोजनचे ऑक्साइड मोजलेच जात नाहीत. लीन चालणाऱ्या इंजिनाचे मुख्य पाप नेमके तेच आहे. धुरात ऑक्सिजन उरला की कॅटकॉन त्या ऑक्साइडांकडून ऑक्सिजन काढून घेण्याचे काम सोडून देतो. म्हणजे पी०१७१ असलेली गाडी कार्बन मोनॉक्साइड कमी दाखवून पीयूसीत छान पास होऊ शकते आणि रस्त्यावर सर्वांत वाईट वायू सोडत राहू शकते. बीएस-६ मध्ये त्या वायूची प्रयोगशाळेतली मर्यादा किलोमीटरला ६० मिलिग्रॅम आहे. ती रस्त्यावर कोणी तपासत असेल तर तो गाडीतला सेन्सरच. प्रमाणपत्र आणि दिवा यांचे म्हणणे वेगळे पडले, तर ज्याने चालत्या गाडीत पाहिले त्याचे ऐकावे.

दुसरा आक्षेप पेट्रोलवर. ‘हल्ली इथेनॉल एवढे मिसळतात, कोड येणारच.’ यात तथ्य आहे, पण मापात. वीस टक्के इथेनॉल असलेल्या पेट्रोलला एका भागामागे सुमारे १३.५ भाग हवा पुरते, म्हणजे शुद्ध पेट्रोलच्या तुलनेत आठ-नऊ टक्के जास्त इंधन सोडावे लागते. ज्या गाडीचा हिशेब शुद्ध पेट्रोलवर बसवला आहे तिचा ट्रिम तेवढ्याने वर जाईल आणि तिथेच थांबेल. कोडाची पायरी अजून दूर आहे. पण नॉझलच्या फटीमुळे गाडी आधीच अधिक पंधरावर असेल, तर इथेनॉल तिला पंचवीसच्या कड्यावर नेऊन ठेवते. इथेनॉलने भांडे भरून सांडले, हे खरे. ते काठोकाठ भरले होते ते फटीने. फट बुजवली की त्याच पेट्रोलवर दिवा येत नाही, आणि हीच या आक्षेपाची परीक्षा.

तिसरा आक्षेप इंदुरात विशेष मानाचा आहे. सीएनजी स्वच्छ इंधन आहे; देवगुराडियाला रोज ५५० टन ओल्या कचऱ्यापासून बायो-सीएनजी करणारा प्रकल्प फेब्रुवारी २०२२ मध्ये सुरू झाला, शहराच्या बस त्या गॅसवर चालतात; मग गॅसच्या गाडीच्या धुराची एवढी चिकित्सा कशाला? इंधन स्वच्छ आहे याबद्दल वाद नाही. पण स्वच्छता टाकीत नसते, जळण्यात असते. न जळलेला मिथेन हा कॅटकॉनला सर्वांत चिवट रेणू आहे. इतर हायड्रोकार्बनांपेक्षा त्याला बरेच जास्त तापमान लागते, आणि थकलेल्या कॅटकॉनमधून तो सहज निसटतो. हवा तापवण्यात तो शंभर वर्षांच्या हिशेबात कार्बन डायऑक्साइडच्या सुमारे २८ पट आहे. मिसिंग करणारी सीएनजी गाडी ओल्या कचऱ्याच्या गॅसवर चालली तरी तो मिथेन मिथेनच राहतो.

चौथा आक्षेप पैशाचा, आणि त्याची टर उडवण्यात अर्थ नाही. नवा कॅटकॉन आत पॅलेडियम-ऱ्होडियमसारखे धातू घेऊन येतो, त्यामुळे जुन्या गाडीच्या मालकाला तो गाडीच्या किमतीच्या मानाने अवजड वाटतो. एम्युलेटर त्यापुढे चिल्लर. पण वर दिलेला शोधाचा क्रम पाहिला तर कॅटकॉनपर्यंत पोचण्याआधी प्लग, नॉझलचे सील, गॅस फिल्टर, एक्झॉस्टचे गॅस्केट आणि नकाशाची फेरजुळणी अशी स्वस्त कामांची रांग लागते. कॅटकॉन बदलावाच लागला तरी ही रांग आधी संपवावी लागते, नाहीतर नवाही वर्षभरात वितळतो. एम्युलेटरच्या हिशेबात दंडही धरायला हवा. मोटार वाहन कायद्याच्या २०१९ च्या दुरुस्तीनंतर मालकाने केलेल्या बेकायदा फेरफाराला दर फेरफारामागे ५,००० रुपये दंड, सहा महिन्यांपर्यंत कैद किंवा दोन्ही आहे, आणि धुराचे नियम मोडल्यास १०,००० रुपयांपर्यंत दंड. फेरफारालाच कायद्याची मनाई आहे असे मात्र नाही. बीएस-६ पेट्रोल गाड्यांना मान्यताप्राप्त सीएनजी किट बसवायला केंद्राने ऑगस्ट २०२२ मध्ये परवानगी दिली आहे. अट इतकीच की किट चाचणीतून पास झालेले असावे आणि नोंद आरसी पुस्तकावर व्हावी. म्हणजे कायदा आणि सेन्सर एकच गोष्ट मागतात: बदल करा, पण त्याचा हिशेब द्या.

शेवटचा आक्षेप तांत्रिक आहे. सेन्सर कधीच बिघडत नाही का? बिघडतो. लाखभर किलोमीटरनंतर तो मंदावतो, तेल जळणाऱ्या इंजिनात त्यावर थर चढतो, हीटर जळतो. पण बिघडलेला सेन्सर ओळखता येतो. न्यूट्रलमधल्या उभ्या गाडीत झटक्याने ॲक्सिलरेटर दाबून सोडला की चांगल्या सेन्सरची रेघ क्षणात ०.९ कडे उसळते आणि तेवढ्याच तडफेने खाली येते, मंदावलेल्याची रेंगाळते. हीटरचा रोध मल्टिमीटरवर मोजता येतो. ही परीक्षा घेऊन नापास ठरलेला सेन्सर जरूर बदलावा. परीक्षा न घेता बदललेला सेन्सर ही दुरुस्ती नव्हे, लॉटरीचे तिकीट आहे. आणि सगळे आकडे बरोबर असूनही एखादा फेरफार चाचणीत बसत नसेल, तर उत्तर कडू पण सरळ आहे: तो फेरफार काढावा.

इंदूर २०१७ पासून वर्षानुवर्षे स्वच्छ सर्वेक्षणात पहिले आले, २०२३ मध्ये स्वच्छ वायू सर्वेक्षणातही दहा लाखांवरच्या शहरांत पहिले आले. स्वच्छतेतले यश जमले ते मुख्यतः ओला आणि सुका कचरा घराच्या दारातच वेगळा केल्याने. नुसता साचलेला डोंगर उपसत बसल्याने नाही. धुराचेही तसेच आहे. चूक जिथे होते तिथेच, म्हणजे नॉझलपाशी, प्लगपाशी, नकाशात, पकडली तर पुढचे सगळे सोपे. तेव्हा पुढच्या वेळी पिवळा दिवा लागला की गॅरेजात ‘कोड उडवा’ म्हणू नका. जॉब कार्डावर पाच गोष्टी लिहून मागा: कोडचा क्रमांक, फ्रीझ फ्रेम, पेट्रोलवरचा ट्रिम, गॅसवरचा ट्रिम, आणि काम झाल्यावर रेडीनेस पूर्ण झाल्याची नोंद. जो मिस्त्री या पाच गोष्टी लिहून देतो त्याला मजुरी वाढवून द्या. जो देत नाही त्याच्याकडून सेन्सर घेऊ नका.